कोंडवाड्याची खोराकी

धवळखेड्यात कुणाचं जनावर हरवलं, की माणसं आधी जीवराम कोळ्याच्या नावाने बोटं मोडायची आणि मग शोधायला निघायची. तापी आणि सातपुडा यांच्या मधलं हे तालुक्याएवढंही नसलेलं गाव. पण त्याला नगरपरिषद होती, आणि नगरपरिषदेला कोंडवाडा होता. जुन्या जिनिंगच्या मागे दगडी भिंतीचं आवार, आत पत्र्याची पडवी, सिमेंटचा हौद आणि पुढे लोखंडी दार. त्या दाराची किल्ली तीस-बत्तीस वर्षं जीवरामच्या करदोट्याला होती. त्याआधी ती त्याच्या बापाच्या करदोट्याला होती. बाप नोकरीत असतानाच गेला आणि अनुकंपेवर पोराला त्याच्या जागी घेतलं.

माणूस कडक होता. मोकाट जनावर दिसलं की दोरी टाकायची आणि दाराआड करायचं. मालक आला की आधी कचेरीत जाऊन दंड भर, दिवसाची खोराकी भर, पावती दाखव, मग जनावर ने. ओळखीचा असो, नातलग असो, त्यात बदल नाही. त्याचं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट लोक अजून सांगतात. बायकोचं, सरिताचं, माहेर गावातच. सासऱ्याची म्हैस सुटून पालिकेच्या बगीच्यात शिरली आणि जावयाने ती कोंडली. सासरा हसत हसत दाराशी आला. म्हणाला, "जावईबापू, आपलीच शे ती." जीवराम म्हणाला, "मामा, पावती." म्हाताऱ्याने पावती आणली, म्हैस नेली आणि पुढे वर्षभर लेकीच्या घरी पाण्याला शिवला नाही. सरिता रडली. जीवराम मात्र ही गोष्ट स्वतःच चारचौघांत सांगायचा, आणि सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

पण एक होतं. त्याच्या कोंडवाड्यात जनावर कधी उपाशी राहिलं नाही. हौद काठोकाठ भरलेला, कडब्याच्या पेंढ्या पडवीत रचलेल्या. खोराकी घेतो म्हणजे खाऊ घालतो, असं त्याचं साधं गणित होतं. त्या काळात जनावर फार तर रात्रभर राहायचं. सकाळी मालक शिव्या देत यायचा आणि घेऊन जायचा.

मग दिवस बदलले. शेतात ट्रॅक्टर फिरायला लागले, बैल नकोसे झाले. बाजारात नेले तर गिऱ्हाईक मिळेना, आणि घरी ठेवावेत तर वैरण परवडेना. लोक अंधाराचे येऊन बैल गावच्या वेशीत सोडून जायला लागले. कानातला बिल्ला कापलेला, दोरी काढून घेतलेली. असा बैल कोंडला तर सोडवायला कोण येणार? कोंडवाड्यात शिरलेलं जनावर बाहेर पडेना आणि दंडाची पावती फाटेना.

नव्या कौन्सिलची अंदाजपत्रकाची सभा होती त्या दिवशी स्वच्छता निरीक्षक अभिमन भामरे जीवरामला बरोबर घेऊन गेले. काही विचारलं तर सांगायला माणूस हवा, म्हणून. जीवराम सभागृहाच्या दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला. पाणीपुरवठा झाला, दिवाबत्ती झाली. वीज कंपनीचं बिल थकल्यामुळे हायवेच्या बाजूच्या दिव्यांचं कनेक्शन तोडलंय, त्यावर थोडी बाचाबाची झाली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. मग कोंडवाडा आला.

आरोग्य सभापती ललितभाऊंनी मान वर केली. तिशीतला गडी, सिमेंटची एजन्सी, पहिल्यांदाच निवडून आलेला. म्हणाले, "कोंडवाडा? अजून आहे का आपला?"

सभागृह हसलं.

"जागा तर मेन रोडला लागून आहे," ललितभाऊ म्हणाले. "उत्पन्न शून्य आणि वैरणीला तरतूद? साहेब, हे पैसे सुशोभीकरणात घ्या. स्टँडसमोरच्या चौकात फायबरची बैलजोडी बसवायची आहे आपल्याला. खाली गावाचं नाव, मागे लाइटिंग. पोरं फोटो काढतील."

नूतनताई नावाच्या एक सदस्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग आतल्या ढोरांना खायला कोण घालणार?"

"संस्था घालेल, ताई. संस्थेला चालवायला द्यायचाय. निविदा काढतोय आपण."

टेबलं वाजली. विषय मंजूर झाला. बाहेर पडताना जीवरामने निरीक्षकांना विचारलं, "साहेब, संस्था येईपर्यंत?"

भामरे म्हणाले, "येईल रे. तुला कशाला काळजी?"

निविदेला एकच अर्ज आला, म्हणून फेरनिविदा निघाली. तेवढ्यात भाजी बाजारात एका मोकाट वळूने कोथिंबीर विकणाऱ्या म्हातारीला शिंगावर घेतलं. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते जळगावपासून धुळ्यापर्यंत पोचलं. ललितभाऊंनी दुसऱ्याच दिवशी मोहीम लावली. बाहेरून माणसं आणली, गावातलं झाडून सगळं मोकाट जनावर धरलं आणि कोंडवाड्यात भरलं. सभापतींनी दाराशी उभं राहून फोटो काढले. जीवरामने कुलूप लावलं. आत जनावराला वळायला जागा उरली नव्हती.

एप्रिल संपत होता. खानदेशातलं ते ऊन, सकाळी नऊलाच पत्रा हात लावू देत नाही. मेन रोडच्या काँक्रिटीकरणात कोंडवाड्याची नळाची लाइन उखडली होती ती कुणी जोडलीच नव्हती. हौदाच्या तळाशी शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते. जीवराम रोज सकाळी कचेरीत जायचा.

"साहेब, टँकर."

"टँकर लग्नाला गेलाय. दुपारी बघू."

"साहेब, वैरण."

"बजेटात वैरणीचा हेडच नाही राहिला, जीवराम. कुठून देऊ? वर पत्र दिलंय मी."

भामरे वाईट माणूस नव्हते. त्यांची मुलगी बारावीत जाणार होती, त्यांना बदली नको होती, आणि वर पत्र दिलं की त्यांना त्यांचं काम झाल्यासारखं वाटायचं.

वाटेवरचे शेतकरी येता-जाता भिंतीवरून डोकावत. त्यात पंडितनाना होते. हायवेला लागून त्यांचा केळीचा मळा. एक दिवस त्यांनी मोटरसायकल थांबवली आणि दाराशी येऊन म्हणाले, "जीवराम, ढोरं उपाशी काबरं मारी राहिना रे?"

जीवरामने कोरड्या हौदाकडे बोट दाखवलं.

"माना मयामां केयना खांब पडेल शेतस. कटाई झायी. लई जाय."

केळीचा घड काढल्यावर खांब तसेच पडून राहतात. पाणीदार असतात, जनावर आवडीने खातं. त्या दिवसापासून जीवराम हातगाडी घेऊन मळ्यात जायला लागला. पंडितनानांचा मुलगा तेजस कोयत्याने खांब कापून गाडीत रचून द्यायचा. लग्नाला वर्ष झालेलं, हसरा पोरगा. कधी त्याची बायको कामिनी ताकाचा तांब्या घेऊन यायची. "काका, आधी बसा, घाम पुसा," म्हणायची. पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्या उन्हात गाडी ओढायचा, खांबाचे तुकडे करायचा आणि जनावरांच्या पुढे टाकायचा. सरिता घरून हंडे भरून आणायची. पंचवीस-तीस जनावरांना हंड्याने पाणी किती पुरणार? जी अंगाने दांडगी ती प्यायची, म्हातारी मागे राहायची.

आठवडाभरात एक गोऱ्हा पोट फुगून मेला. फोटो परत मोबाईलवर फिरला. ललितभाऊंनी भामरेंना झाडलं आणि भामरेंनी जीवरामला. "बाहेरचा चारा कुणाच्या परवानगीने टाकलास? केळीच्या खांबाने मेला म्हणतात. उद्या माझ्यावर आलं तर? यापुढे आत बाहेरची काडी जाता कामा नये. संस्था आली की बघेल ती."

जीवरामने आयुष्यात कधी आदेश मोडला नव्हता. हाही मोडला नाही. हातगाडी भिंतीशी उलटी करून ठेवली. तेजस विचारायला आला तर म्हणाला, "साहेबांनी नाही सांगितलंय." तेजसने एकदा आत पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि निघून गेला.

त्याच दिवसांत जिवली आली.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरची बाई. डोंगरात पाणी आटलं की तिच्यासारखी माणसं उन्हाळ्यात खाली केळीच्या मळ्यांत मजुरीला उतरतात. बरोबर गाय आणली होती, कारण मागे बघायला कोणी नव्हतं. नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला. गाय दावं तोडून रस्त्यावर आली आणि अजून गावात फिरणाऱ्या मोहिमेच्या माणसांनी ती कोंडली. हाडकुळी, तांबडी गाय, गळ्यात लाकडी घंटा. जिवलीने गजातून हाक मारली तशी गाय गर्दीतून वाट काढत दाराशी आली आणि तिचा हात चाटायला लागली.

"माझी आहे," जिवली म्हणाली. "सोड, भाऊ."

"कचेरीत जा. दंड भर, खोराकी भर. पावती आण."

ती कचेरीत जाऊन आली. पदराच्या गाठीत होतं ते दंडालाही पुरत नव्हतं. त्यात दर दिवसाची खोराकी वेगळी. तिने विचारलं, "खोराकी म्हणजे काय?"

"जनावर खातं त्याचे पैसे."

तिने गजातून आत पाहिलं. आत काडी नव्हती. जीवरामने नजर दुसरीकडे वळवली.

दोन दिवस ती दाराशी बसून राहिली. बांधावरचं गवत खुरप्याने काढून आणायची आणि गजातून गाईच्या तोंडात द्यायची. दुसरी जनावरं धडपडत यायची, गज वाजायचे. गवत बाहेरच्या बाईने दिलेलं होतं, म्हणजे आदेशाविरुद्ध होतं. जीवराम ते दिसत नसल्यासारखं करायचा. तेवढीच त्याची माया. सरिता एकदा म्हणाली, "द्या सोडून. कोण विचारतं?" तो म्हणाला, "एकीची सोडली तर उद्या मी कशाचा राखणदार?"

तिसऱ्या दिवशी जिवलीच्या मुकादमाने बोलावणं धाडलं. तिने मळ्यावर जाऊन उचल मागायची ठरवली. जाताना म्हणाली, "चार दिवसांत येते, भाऊ. तेवढं पाणी दाखव तिला." जीवरामने मान हलवली.

त्याने पाणी दाखवलं, नाही असं नाही. सरिताचा एक हंडा तो गाईसाठी बाजूला ठेवायचा. पण दाराशी हंडा नेला की मोठे बैल तुटून पडायचे. तिसऱ्या दुपारी त्यातल्याच कुणीतरी गाईला भिंतीशी रेटलं. ती बसली ती उठली नाही. संध्याकाळपर्यंत डोळे उघडे होते. सकाळी नव्हते. मेलेली जनावरं उचलणाऱ्या ठेकेदाराचा ट्रॅक्टर आला, पायाला साखळी लावली आणि ओढत नेली.

जिवली सांगितल्याप्रमाणे आली. हातात पावती होती. उचल घेऊन, कचेरीत भरून, सगळं नियमाने करून आली होती. पावती तिने दोन्ही हातांनी पुढे धरली.

जीवरामने ती घेतली, वाचली आणि परत दिली. म्हणाला, "गाय मेली तुझी."

जिवली गजाशी गेली. गर्दीत बघत राहिली. हाक मारली, तशी दोन-तीन अनोळखी जनावरं पुढे आली. मग तिने विचारलं, "कुठाय?"

"नेली ठेकेदाराने."

"घंटा?"

"तीही गेली असेल."

तेवढ्यात जीवरामच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. जनावर कोंडवाड्यात मेलं की मालकाला सांगायचंच असतं, म्हणून तो म्हणाला, "मेलेलं जनावर उचलायचा आकार मालकाकडे असतो. तो भरावा लागेल."

जिवलीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असं काहीतरी ऐकायला मिळणारच, याची तिला जन्मापासून सवय असावी. तिने पदराची गाठ सोडली. आत काही नव्हतं, ती त्याला उघडून दाखवली, आणि परत बांधून हायवेच्या दिशेने चालायला लागली. पावती दाराशीच पडली.

जीवराम दाराजवळच्या दगडावर बसून राहिला. सरिता डबा घेऊन आली, त्याने डबा उघडला नाही. आत एक बैल कोरडा हौद चाटत होता. खरखर, खरखर, जिभेचा आवाज येत होता. तो आवाज गेले कितीतरी दिवस येत होता आणि जीवरामने ऐकला नव्हता असं नाही. आज मात्र तो त्याला सहन होईना.

ऊन कललं, दिवेलागण झाली. जीवराम उठला. करदोट्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दाराचे दोन्ही पल्ले भिंतीला टेकेपर्यंत ढकलले.

जनावरं आधी हललीच नाहीत. मग एक म्हातारा बैल बाहेर आला, थांबला, नाक वर करून वास घेतला आणि चालू लागला. बाकीची त्याच्या मागे. जीवराम बाजूला उभा होता. त्याच्या छातीवरून काहीतरी उतरत होतं आणि त्याला रडू येत होतं. पाणी कुठे आहे ते जनावराला सांगावं लागत नाही. हायवेच्या पलीकडे कालवा होता. हायवेवर दिवे नव्हते.

तेजस कामिनीला घेऊन तिच्या माहेराहून परत येत होता. अंधारात रस्त्याच्या मधोमध काळा बैल उभा होता. मोटरसायकल त्याच्यावर गेली. कामिनी बाजूच्या चारीत फेकली गेली, तिचा खांदा मोडला. तेजसला जळगावला नेता नेता तो रस्त्यातच संपला.

जीवरामला हे दाराशीच कळलं. सांगायला आलेल्या माणसाने नाव घेतलं तेव्हा तो म्हणाला, "कोण तेजस?" त्याला दुसरा कोणताच तेजस माहीत नव्हता, तरी त्याने विचारलं.

पुढे सगळं फार लवकर झालं. इतके दिवस ज्या कचेरीतून टँकर निघत नव्हता, तिथून दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत निलंबनाचा आदेश निघाला. पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा लावला. चौकशीत भामरेंनी सांगितलं, की चारा-पाण्याची व्यवस्था वेळोवेळी करण्यात आली होती, कर्मचाऱ्याने कोणालाही न विचारता दार उघडलं. सांगताना ते जीवरामकडे बघत नव्हते. हायवेच्या दिव्यांबद्दल कुणी विचारलं नाही. ललितभाऊ पंडितनानांच्या दारात तासभर बसले, डोळे पुसले, आणि पुढच्या सभेत श्रद्धांजलीचा ठराव मांडला. त्याच सभेत कोंडवाडा कायमचा बंद करून त्या जागी व्यापारी गाळे बांधायचा ठरावही मांडला. "असा बळी पुन्हा जाऊ नये," म्हणाले. दोन्ही ठराव एकमताने झाले. सुटलेली जनावरं पालिकेची माणसं परत धरून, ट्रकमध्ये भरून नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, डोंगराच्या बाजूला सोडून आले.

दहाव्यानंतर जीवराम मळ्यात गेला. सरिता नको म्हणत होती, तरी गेला. पंडितनाना केळीच्या खांबांपाशी उकिडवे बसले होते. तेजसने कापलेले शेवटचे खांब होते, वाळून काळे पडलेले. जीवराम समोर जाऊन उभा राहिला. पायांवर डोकं ठेवावं असं ठरवून आला होता, पण तेही जमेना.

पंडितनानांनी वर पाहिलं नाही. खांबांकडे बघतच सावकाश म्हणाले, "दार सोडनं व्हतं, मंग माले सांगाले जोयजे व्हतं. बठ्ठा ढोरं मी माना मयामां बांधी लेतू."

सगळी ढोरं नानांच्या मळ्यात बांधावीत, हे जीवरामला कधी सुचलंच नव्हतं. मळा समोर होता, माणूस स्वतःहून विचारायला आला होता. कुलूप उघडायचं तर मालकाची पावती हवी, नाहीतर ते उघडायचंच नाही, या दोन गोष्टींपलीकडे त्याचं डोकं कधी गेलं नव्हतं. आणि गेलं तेव्हा त्याने दार सताड उघडून दिलं होतं.

"नाना..." तो म्हणाला.

"जाय आते," पंडितनाना म्हणाले. "कामिनी देखी लीई."

घराच्या ओट्यावर कामिनी बसली होती. हात गळ्यात बांधलेला. तिने त्याला आधीच पाहिलं होतं. ती उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आता जीवराम घरी असतो. नोकरी गेली. निवृत्तीचं काय ते निकालावर अडलेलं आहे. सरिता केळी भरायच्या वखारीत जाते. कोंडवाड्याच्या जागी गाळे उभे राहिलेत, त्यातला कोपऱ्यावरचा ललितभाऊंच्या मेव्हण्याचा आहे. चौकातल्या फायबरच्या बैलजोडीला लाइटिंग झालंय.

महिन्या-दोन महिन्यांनी तालुक्याच्या कोर्टात तारीख असते. फिर्यादी म्हणून पंडितनाना येतात, आरोपी म्हणून जीवराम. नगरपरिषदेचा साक्षीदार बहुतेक येत नाही, मग पुढची तारीख मिळते. परतायला दुपारची एकच एसटी आहे. दोघं त्याच गाडीत चढतात. मागच्या खेपेला गाडी भरलेली होती, आणि जीवरामच्या शेजारची तेवढी एक जागा रिकामी होती. जीवराम खिडकीकडे सरकला. पंडितनाना म्हातारे झालेत, गुडघे धरतात. कंडक्टर म्हणाला, "नाना, जागा आहे की, बसा."

पंडितनानांनी वरचा दांडा धरला आणि धवळखेडं येईपर्यंत ते उभे राहिले.